पाचगावचा प्लॉट विकून वाकडला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या पाचगावात 2006 साली तीन गुंठ्यांचा प्लॉट 6 लाखांना घेतला. एजंट आज 54 लाख सांगतो. लेक पुण्यात हिंजवडीत नोकरी करते, 26 हजार भाडं भरते. तिचं लग्न, बदली, बंगळूर, अजून काहीच ठरलेलं नाही. प्लॉट विकून, वर थोडं कर्ज काढून तिच्या नावावर वाकडला 85 लाखांचा टू बीएचके घ्यावा म्हणतो. पुण्याचे दर थांबत नाहीत, कोल्हापूर आहे तिथंच आहे. मेहुण्यांनी 2013 ला वाकडला 52 लाखांना घेतलेल्या फ्लॅटला आज 88 लाख येतात. काय करावं?
– एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

नमस्कार सर,

आधी तुमचेच आकडे मांडू. तुमचा प्लॉट 19 वर्षांत नऊपट झाला, म्हणजे वर्षाला साधारण सव्वाबारा टक्के. मेहुण्यांचा फ्लॅट 12 वर्षांत वाढला वर्षाला साडेचार टक्क्यांनी. भाड्याचे तीनेक टक्के मिळवले तरी साडेसात, आणि कर्ज काढलं असेल तर व्याज त्याहून जास्त गेलं असणार. 36 लाख वाढले हे ऐकायला मोठं वाटतं, कारण मुळात रक्कमच मोठी होती.

मग पुण्याची हवा कशाची? माणसांची. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची (वाकड त्यातच येतं) लोकसंख्या सुमारे 10 लाखांवरून 17 लाखांवर गेली. कोल्हापूर शहर 4.93 लाखांवरून 5.49 लाखांवर आलं. नोकरी तिकडं, माणूस तिकडं, मागणी तिकडं. पण वाकडच्या पलीकडं ताथवडे, पुनावळे, मारुंजी अशी रानं पडलेली होती, आणि बिल्डरनं तिथं टॉवरमागून टॉवर उठवले. मागणी वाढली तसे फ्लॅटही वाढले. त्यात नोटाबंदी आली, 2017 ला रेरा हा बिल्डरांवर वचक ठेवणारा कायदा आला, आणि कित्येक वर्षं तिथले दर जवळपास गोठून होते. हलले ते कोविडनंतर. मेहुण्यांच्या फ्लॅटखालच्या जमिनीत त्यांचा वाटा किती? इमारत दरवर्षी जुनी होते, वाढते ती जमीन.

आपल्याकडं कोल्हापुरात उलट. पगार कमी, पण शहराला पसरायला जागाच नाही. महापालिकेची हद्द 1972 पासून तीच आहे. हद्दवाढ म्हटलं की गावं बंद पुकारतात, 2017 ला आसपासच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलं, वाद तसाच राहिला. पंचगंगेकडची बाजू पूररेषेनं अडवलेली. 2019 आणि 2021 ला पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलेलं तुम्ही शाहूपुरीत बसून पाहिलंयच. तेव्हापासून माझ्याकडं जागेचा विषय काढणारा माणूस आधी विचारतो, "पाणी येतंय का तिथं?" पाचगाव उंचावर. घेणारेही शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखानदार, डॉक्टर, व्यापारी, म्हणजे बँकेच्या हप्त्यावर फारसे न अडणारे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम इथं येतंय. (एजंट मंडळी त्याचा दर आत्ताच लावून मोकळी झालीत, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून दोन शहरांच्या सरासरीवरून तुमचा निर्णय होणार नाही. तुम्ही मोकळी जमीन देऊन बांधकाम घेताय, हा खरा सौदा आहे.

आता खर्च. 6 ला घेतलेलं 54 ला विकलं तर नफा 48 लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी 6 लाख कर, उपकर धरून 6.24. महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा जुना पर्यायही तुम्हाला आहे, पण तो करून पाहिला, 7 लाखांच्या वर जातो. कर वाचवायचा असेल तर नुसता नफा नव्हे, विक्रीची सगळी रक्कम घरात घालावी लागते, आणि घर तुमच्या नावावर हवं. एकट्या लेकीच्या नावावर घेतलंत तर सवलतीचा वाद होऊ शकतो. ही तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी चूक. घर तुमच्या नावावर घेतलंत तर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, नोंदणी 30 हजार, म्हणजे 85 चे 91 लाख झाले. बांधकाम चालू असेल तर वर 5 टक्के जीएसटी. प्लॉटचे 54 लाख सगळे घातले तरी उरलेल्या 37 लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, 32 हजारांच्या आसपास. आज ती 26 हजारांत राहतेय, आणि त्या प्लॉटवरचा हक्कही शाबूत आहे.

आणि ते 54 लाख. एजंटनं सांगितलेला आकडा म्हणजे मिळालेला दर नव्हे. घेणारा समोर बसला की "सर, 35 चा दस्त करू, बाकी रोख" हे वाक्य येणारच. ते रोख पुण्याच्या बिल्डरला चेकनं देता येत नाहीत, करसवलतीत धरता येत नाहीत, आणि जागेच्या व्यवहारात 20 हजार वा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. पूर्ण चेकचा दर विचारा, आकडा किती खाली येतो बघा.

माझं मत: वाढीच्या आशेनं हा प्लॉट विकू नका. लेक पुढची दहा वर्षं पुण्यातच राहणार हे तिनं स्वतः सांगितलं, तर घर तिची गरज म्हणून घेता येईल, आणि तेव्हाही आधी तिच्या पगारावर किती कर्ज बसतं ते पाहू. आज लग्न, बदली, बंगळूर, काहीच ठरलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. निवृत्तीनंतर तुमच्याकडं दुसरी शिल्लक किती, ते मात्र लिहिलेलं नाही. प्लॉट भाडं देत नाही. दवाखान्याचा खर्च आला तर त्यातला अर्धा गुंठा तोडून विकता येत नाही. तेवढं कळवा, कारण ती बाजू लंगडी असेल तर माझं उत्तर बदलेल.

तोवर एक काम करा. प्लॉट बिगरशेती आहे की गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला, ते कागद काढून बघा, सरकारी मोजणीचा अर्ज द्या आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घाला. शेजारच्यानं दोन फूट आत भिंत घेतली असेल तर ती आत्ता कळलेली बरी.