लाव्यांची पिल्ले आणि त्यांचे रंग

प्रश्न : कोथरूडला घरी जपानी लाव्यांची आठ दिवसांची पिल्ले आणली आहेत, बहुतेक पट्टेरी, दोन पिवळी. रंगावरून नर-मादी ओळखता येतील का?

उत्तर : पट्टेरी पिल्लांत साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर येणारी छातीची पिसे पाहावीत; नराची छाती एकसारखी तांबूस, तर मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची असते. पिवळी पिल्ले सोनेरी होतील की पांढरी, हे पिसे फुटल्यावरच कळते, आणि पांढऱ्यांत रंगाचा उपयोग होत नाही. सुमारे सहाव्या आठवड्यात नराच्या गुदद्वारापाशी येणारा पांढरा फेस हीच खात्रीची खूण. मात्र आज रंगापेक्षा ऊब महत्त्वाची आहे : पुण्यातील थंड रात्री दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान राखावे आणि पिल्ले बुडू नयेत म्हणून पाण्याच्या उथळ ताटलीत खडे अवश्य ठेवावेत.