व्याख्या पाठ, तरी उतारा अडतो

"अलंकारांच्या सगळ्या व्याख्या तोंडपाठ आहेत हो हिच्या. पण न पाहिलेला उतारा आला की गाडी अडलीच. हिला वाचनाचाच काही प्रॉब्लेम असेल का?" नववीतल्या मुलीची आई विचारत होती. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

आधी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. वाचन सफाईदार, गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगताही आली. अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी असं काही दिसलं नाही. मग तिने सोडवलेला उतारा बघितला. 'तो सारखा खिडकीकडे बघत होता' या वाक्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'उपमा'. का, तर 'सारखा' आलाय! 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, अशी खूणगाठ तिने बांधली होती. खुणा वाईट नसतात, पण त्या हुडकण्याच्या नादात वाक्य वाचायचंच राहून गेलं होतं.

वही मिटायला लावली आणि एक वाक्य दिलं: 'आजोबा गेले त्या रात्री घड्याळही दबक्या पावलांनी चालत होतं.' घड्याळाला कुठली पावलं? मग लिहिणाऱ्याने ती का दिली? जरा थांबून ती म्हणाली, "घरात सगळेच तसे चालत असतील, आवाज न करता." झालं की! निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते त्या अलंकाराचं 'चेतनगुणोक्ती' हे नाव त्यानंतर सांगितलं.

निवेदकापाशी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यापाशी, मात्र आम्ही बराच वेळ अडकलो. गोष्टीतला 'मी' म्हणजे लेखकच, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. 'मी मुळीच भित्रा नाही, फक्त दिवा चालू ठेवून झोपतो' हे वाचून ती खुदकन हसली. बोलणारा स्वतःला शूर समजतोय, आणि लिहिणारा त्याची भीती आपल्याला दाखवतोय, हे तिचं तिलाच उमगलं. आकलनासाठी हा एवढा फरक मला डझनभर अलंकारांपेक्षा मोलाचा वाटतो. 'लेखकाला काय सुचवायचे आहे?' छापाचे प्रश्न बहुतेकदा इथेच अडतात.

आईला सांगितलं, व्याख्या विचारणं तूर्त बंद. रोज एक परिच्छेद वाचायचा. कोण बोलतंय, सरळ काय सांगितलंय, आडून काय सुचवलंय, एवढंच बघायचं. नाव मागाहून.

"पण पेपरात व्याख्येला मार्क असतात ना?"

असतात. त्या तर तिला पाठच आहेत.