सातव्या मजल्यावरचे डबे आणि सोसायटीची नोटीस

प्रश्न : मुलुंडला सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सातव्या मजल्यावर आमचा स्वतःचा 480 चौरस फुटांचा फ्लॅट आहे, यजमानांच्या नावावर. चार वर्षांपासून मी घरून रोज चाळीसेक डबे देते. मदतीला एक बाई ठेवली आहे. बहिणीने गावाहून पाठवलेली लोणची-पापडही विकते. बाल्कनीच्या ग्रिलला ‘घरगुती डबे मिळतील’ अशी पाटी आहे. आता सोसायटीने नोटीस दिली आहे : पंधरा दिवसांत धंदा बंद करा आणि तोपर्यंत दरमहा 2000 रुपये ‘व्यावसायिक आकार’ व शिवाय नॉन-ऑक्युपन्सी भरा. माझ्याकडे अन्न नोंदणी आणि उद्यम प्रमाणपत्र दोन्ही आहे. सोसायटीला असं करता येतं का?

उत्तर : ताई, पैशांच्या मागणीत सोसायटीची बाजू लंगडी आहे. पण बाकीच्या गोष्टींत तुमचीही बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही. भीती घालायचा हेतू नाही, पण दोन्ही सांगणं भाग आहे.

आधी पैशांचं. नॉन-ऑक्युपन्सी म्हणजे बिनभोगवटा शुल्क. सभासद स्वतः राहत नसेल आणि जागा भाड्याने दिली असेल, तेव्हाच ते लागतं. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधून ठेवलं आहे. तुम्ही तिथेच राहता, तिथेच स्वयंपाक करता. मग हे शुल्क कसलं? ‘व्यावसायिक आकारा’चीही तीच गत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क आणि लिफ्टचा देखभाल खर्च सदनिकांमध्ये समान वाटायचा असतो आणि पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर. ‘तुमच्याकडे माणसं फार येतात’ या सबबीवर कमिटीने मनानेच आकडा टाकायची सोय त्यात नाही. उपविधी मोडल्याबद्दल दंड होऊ शकतो, पण आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय आणि एका उल्लंघनासाठी वर्षाला कमाल 5000 रुपये. दरमहा 2000 म्हणजे वर्षाचे 24,000. हे कुठून आलं, ते त्यांना विचारा.

आता तुमची बाजू. अन्न नोंदणी केलीत हे उत्तम. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर ही साधी नोंदणी पुरते आणि तिच्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र लागत नाही. पण ती नोंदणी किंवा उद्यमचा कागद म्हणजे त्या जागेत धंदा करायची परवानगी नव्हे. माझ्याकडे येणारे निम्मे अशील उद्यमचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणतात आणि टेबलावर असं ठेवतात, जणू खटला जिंकलाच. तो कागद एवढंच सांगतो की तुम्ही उद्योजक आहात. धंदा कुठे करता येईल, ते सांगत नाही.

कुठे, हे ठरवते मुंबईची विकास नियंत्रण नियमावली. तिच्यात ‘होम ऑक्युपेशन’ची, म्हणजे घरगुती उद्योगाची, व्याख्या आहे. ती तुमच्या स्वयंपाकघराशेजारी ठेवून वाचू.

घरातल्या माणसाने, त्या घरात राहून, पगारी मजूर न ठेवता केलेला उद्योग. इथेच पहिली अडचण, तुमच्या मदतनीस बाई.

बाहेरून पाहणाऱ्याला राहत्या घराखेरीज काही चालतं असं दिसता कामा नये. दुसरी अडचण म्हणजे पाटी. ती आज संध्याकाळी उतरवा, उद्याही नको.

तिथेच तयार झालेल्या वस्तूशिवाय दुसरं काही विकायचं नाही. म्हणजे बहिणीची लोणची-पापड गेली. तुमच्या हातचं लोणचं चालेल, गावाहून आलेलं नाही.

घरी नेहमी वापरतात तीच यंत्रं. विजेवरची असली तर एकूण भार 0.75 किलोवॉटपर्यंत. तुमचा मिक्सर 750 वॅटचा असेल तर तो बरोब्बर त्या रेषेवर आहे. त्याच्या जोडीला डीप फ्रीझर किंवा मोठा ग्राइंडर असेल तर प्रश्न निघू शकतो.

सर्वसामान्य लोकांना खाण्यापिण्याची सेवा देणारी खाणावळ या व्याख्येत बसत नाही. तुमच्याकडे कुणी पाटावर बसून जेवत नाही, डबा बाहेर जातो, म्हणून ही खाणावळ नव्हे, हा युक्तिवाद मी नक्की करीन आणि त्यात दम आहे. पण समोरचा वकीलही काही झोपलेला नसतो. तो मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 394 पुढे करील. परवाना लागणाऱ्या व्यवसायांचं ते कलम आहे. म्हणून हा मुद्दा कोर्टापर्यंत न नेता मिटला तर बरं.

तुमच्या मूळ पत्रात आणखी एक ओळ होती : ‘गॅसचे दोन सिलिंडर असल्याने अडत नाही.’ ताई, खरी भीती मला या ओळीची वाटते. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला 2000 सालच्या एलपीजी आदेशाने मनाई आहे आणि तो आदेश 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. तिथे थेट कैदेची तरतूद आहे. कमिटीला हे सुचलेलं नाही, पण भांडण वाढलं की सुचतं. बरं, धंद्याचा 19 किलोचा सिलिंडर सातव्या मजल्यावर आणला, तर शेजाऱ्यांची भीती मला तरी अनाठायी म्हणता येणार नाही.

‘मग इंडक्शन घेते’ असं तुम्ही म्हणाल. तिथे मीटर आडवा येतो. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असला तरी महिन्याला 300 आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत वापर असेल तर निवासी दरच लागतो. वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीत ही सवलत आहे आणि मुलुंडला वीज देणाऱ्या महावितरणला ती पाळावी लागते. चाळीस डबे इंडक्शनवर शिजवून 300 च्या आत राहणं मला कठीण दिसतं. वापर त्यापलीकडे गेला आणि तुम्ही निवासी दरानेच भरत राहिलात, तर वीज कायदा, 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मागची बारा बिलं काढून बघा.

मालमत्ता कराचंही ध्यानात असू द्या. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत कर माफ आहे, पण निवासी घरांनाच. पालिकेच्या टी विभागात वापर बदलाची तक्रार गेली तर ही माफीही चर्चेत येईल. जीएसटीची चिंता 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नको.

माझं मत सरळ आहे. घरच्या माणसांनी मिळून जेवढे डबे होतील तेवढेच घरी करा. पंधरा म्हणा, वीस म्हणा. त्यावरचा स्वयंपाक आणि मदतनीस बाईंचं काम एखाद्या छोट्या गाळ्यात हलवा. हवं तर दुसऱ्या डबेवाल्या ताईंशी भागीत घ्या. तिथे धंद्याचा गॅस जोडता येतो, पाटीही लावता येते. गाळ्याच्या पत्त्यावर वेगळी अन्न नोंदणी लागेल. दोन-तीन माणसं कामाला असली तरी दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागतं, 60 दिवसांच्या आत.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीतच द्या. भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) यजमानांच्या नावावर आहे, म्हणून उत्तरावर सही त्यांचीच हवी. तुम्ही पाठवलेलं उत्तर ‘सभासदाचं नाही’ म्हणून बाजूला ठेवलं जाऊ शकतं. पत्रात तीन गोष्टी मागा : कोणत्या उपविधीखाली ही मागणी आहे, सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत आणि कुणाच्या लेखी तक्रारी असतील तर त्यांच्या प्रती. तुमच्याकडूनही लिहून द्या : पाटी काढली, डबे सकाळी ठरलेल्या वेळेतच खाली जातील, ओला कचरा आम्ही स्वतः खाली नेऊ. बहुतेक सोसायट्यांमध्ये खरी कुरबुर लिफ्टसमोर उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या पोरांची आणि जिन्यात पसरलेल्या फोडणीच्या वासाची असते. कायद्याची भाषा त्यावर नंतर चढवतात.

मेंटेनन्स थांबवू नका. रागाच्या भरात पुष्कळजण ही चूक करतात, मग थकबाकीदार ठरतात आणि वसुलीची कारवाई ओढवून घेतात. बिलातले ते 2000 आणि नॉन-ऑक्युपन्सी वगळून उरलेली रक्कम बँकेतूनच भरा आणि वगळण्याचं कारण त्याच दिवशी पत्राने कळवा. पाणी तोडायची धमकी आली किंवा आकार मागे घेतला नाही, तर आधी वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे अर्ज, तिथे निभावलं नाही तर सहकार न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली दावा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक सोसायटीच्या कचेरीत द्या, दुसरीवर सही-शिक्का-तारखेसह पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वॉचमनच्या हाती देऊन येऊ नका.