दिवसभर दुकान, रात्री पण दुकानच!

प्रश्न : ताई, मी इतवारीत साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात नि घरी आल्यावर मोबाईलवर 'आर यू बीइंग सर्व्हड?' नावाची जुनी ब्रिटिश कॉमेडी लावून बसते. नवरा म्हणतो, काय बाप्पा, दिवसभर दुकान नि रात्री पण दुकानच पाहून राहिली! स्टोरी अशी काही नाही, इंग्रजी अर्धं डोक्यावरून जातं, तरी जाम हसू येतं. काहून येत असेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नवऱ्याचं नका मनावर घेऊ हो, त्या सिरीयलच्या खऱ्या प्रेक्षक तुम्हीच. लिहिणाऱ्या दोघांपैकी जेरेमी लॉइड तरुणपणी लंडनच्या सिम्पसन्स ऑफ पिकॅडिली या कपड्यांच्या बड्या दुकानात सेल्समन होता, त्यामुळे डेव्हिड क्रॉफ्टसोबत त्याने जे लिहिलं ते सगळं काउंटरच्या मागून पाहिलेलं आहे, गिऱ्हाईकाच्या बाजूने नाही.

गिऱ्हाईक आल्यावर काय होतं बघा ना. कॅप्टन पीकॉक, म्हणजे कोटाला फूल खोचून मजल्यावर फिरणारे साहेब, आधी सगळ्यात सिनियर ग्रेंजरला विचारणार, आर यू फ्री? ते म्हातारे डुलक्या घेत असतात. मग हम्फ्रीज, तो टेचात 'आयॅम फ्री!' म्हणणार. आणि ज्युनियर लूकस बिचारा गिऱ्हाईकासमोर रिकामा उभा, पण हात लावायचा नाही कारण नंबर त्याचा नाही! कोटाच्या बाह्या बोटांवर लोंबतायत असं गिऱ्हाईक म्हणालं की यांचं उत्तर ठरलेलं, घालता घालता वर चढतील. तुमच्याकडे 'एका धुण्यात बरोबर बसते ताई' म्हणतात ना, सेम.

मला विचाराल तर हसू येतं ते मानपान एवढा मोठा आणि भांडण एवढंसं म्हणून. पहिल्याच भागात बायकांच्या कपड्यांचा विभाग पुरुषांच्या मजल्यावर आणून बसवतात आणि काउंटरच्या जागेवरून जे काही रणकंदन होतं, विचारू नका. कोणाचा जीव जात नाही, संसार मोडत नाही, पुढच्या भागात सगळे परत आपापल्या काउंटरवर. बायकांच्या काउंटरवरच्या सिनियर मिसेस स्लोकोंबच्या केसांचा रंग तेवढा बदललेला, कधी जांभळा कधी हिरवा, आणि तिचा तोरा बघाल तर जणू दुकान तिच्या माहेरचं. मालक यंग मिस्टर ग्रेस, नावाला यंग, चालता येत नाही, शेजारी नर्स, येणार आणि 'यू हॅव ऑल डन व्हेरी वेल' म्हणून जाणार. पगारवाढीचा विषय काढा की गायब. असा मालक नागपुरात शोधायला लांब जावं लागेल असं वाटत नाही.

तसं बीबीसीने आधी हिला फार भाव दिला नव्हता. 1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिकमधल्या हल्ल्यामुळे खेळांचं प्रक्षेपण थांबलं, त्या रिकाम्या वेळात पहिला भाग दाखवला गेला, आणि मग चालली ती थेट 1985 पर्यंत, 69 भाग.

सगळंच आज पचेल असं नाही. हम्फ्रीजच्या चालण्याबोलण्यावर जे विनोद आहेत त्यावर काही समलिंगी संघटनांनी त्याच काळात आक्षेप घेतला होता आणि तो अगदीच चूक होता असं मला वाटत नाही. पण जॉन इनमन या नटाने तो माणूस असा काही उभा केलाय की त्या अख्ख्या मजल्यावर मैत्री करावी तर त्याच्याशीच.

नवऱ्याला कॅन्टीनवाला एखादा सीन दाखवा, साहेबाच्या पाठीमागे काय काय बोलतात ते ऐकून तोही बसेल. सासूबाई जवळ असतील तर मात्र हेडफोन लावा, मिसेस स्लोकोंब आपल्या मांजरीबद्दल जे बोलते त्याचा दुसरा अर्थ समजावून सांगायची पाळी तुमच्यावर यायला नको.