वाचकांचे प्रश्न: होम इन्स्पेक्टरचा परवाना आणि राज्याराज्यांतले कायदे

प्रश्न: न्यू जर्सीत घर घेताना आम्ही होम इन्स्पेक्टरचा, म्हणजे खरेदीपूर्वी घर तपासून अहवाल देणाऱ्याचा, परवाना क्रमांक पाहूनच त्याला काम दिले होते. आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात घर घेत आहोत, तर येथे असा परवानाच नसतो असे एजंट सांगतो. हे खरे आहे का? असल्यास भरवसा कशावर ठेवावा?

उत्तर: एजंटचे म्हणणे खरे आहे. होम इन्स्पेक्टरला परवाना सक्तीचा करायचा की नाही, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. तीसहून अधिक राज्यांत तो सक्तीचा आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, मिशिगन यांसारख्या राज्यांत नाही. कॅन्ससने तर इन्स्पेक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला आणि २०१३ मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा तो तसाच संपू दिला. न्यू जर्सीत मात्र १९९८ च्या कायद्यामुळे परवान्यासाठी १८० तासांचे शिक्षण घ्यावे लागते, त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांच्या तपासणीचे असतात, शिवाय परीक्षा आणि विमा आहेच. तुमच्या मनात हीच कसोटी असणार, त्यामुळे कॅलिफोर्नियात आल्यावर चुकल्यासारखे वाटणे साहजिक आहे.

पण परवाना नसला तरी तेथे कायदा आहे, आणि तो ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी खंबीर आहे. १९९६ मध्ये संमत झालेली ही तरतूद व्यवसायविषयक संहितेच्या ७१९५ ते ७१९९ या कलमांत आहे. ज्या घराची तपासणी केली त्याच घरातील दुरुस्तीचे काम इन्स्पेक्टरने पुढील १२ महिन्यांत स्वतः पैसे घेऊन केले, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कारण ज्याला दुरुस्तीतून कमाई करायची आहे त्याला दोष अधिक दिसू लागतात. कलम ७१९८ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘आमची जबाबदारी तपासणीच्या शुल्कापुरतीच राहील’ अशी अट पुष्कळ करारांत बारीक अक्षरांत घातलेली असते, आणि पाया खचलेला असूनही तो अहवालात आला नाही तर ग्राहकाच्या हाती काही शे डॉलर टेकवून मोकळे होण्याची सोय ती अट करून ठेवते. कॅलिफोर्नियात अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणजेच निरर्थक ठरते. दावा लावण्याची मुदत तपासणीच्या तारखेपासून जास्तीत जास्त चार वर्षे आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

परवान्याची उणीव काही अंशी भरून काढता येते. पेनसिल्व्हेनियातही राज्याचा परवाना नाही, परंतु तेथील कायद्याप्रमाणे इन्स्पेक्टर हा इन्स्पेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा पूर्ण सदस्य असावा लागतो, किंवा अशा सदस्याच्या देखरेखीखाली काम करणारा असावा लागतो. आणि शंभराहून अधिक तपासण्यांचा अनुभव व मान्यताप्राप्त परीक्षा यांशिवाय पूर्ण सदस्यत्व देता येत नाही. हाच निकष आपण कॅलिफोर्नियात स्वतःहून लावावा. अनेक राज्ये परवान्यासाठी जी राष्ट्रीय परीक्षा मानतात, ती २०० बहुपर्यायी प्रश्नांची आणि चार तासांची असते. ती उत्तीर्ण आहात का, हे इन्स्पेक्टरला सरळ विचारावे. त्याच्या आधीच्या एखाद्या अहवालाचा नमुना मागावा आणि तो सावकाश वाचावा. आणि सही करण्यापूर्वी विम्याचे प्रमाणपत्र पाहावे. विम्याबद्दल पुढील उत्तरात अधिक लिहिले आहे.

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये घर घेतले. दोन महिन्यांनी ॲटिकमध्ये (छताखालच्या पोकळ जागेत) चढलो तर छताच्या फळ्या एका कोपऱ्यात कुजलेल्या आढळल्या. इन्स्पेक्टर परवानाधारक असून अहवालात त्या भागासमोर ‘तपासले’ अशी खूण आहे. परवाना देणाऱ्या आयोगाकडे तक्रार केल्यास भरपाई मिळेल का?

उत्तर: टेक्सस रिअल इस्टेट कमिशनकडे लेखी तक्रार अवश्य करावी, मात्र भरपाईची अपेक्षा त्या तक्रारीकडून ठेवू नये. आयोग चौकशी करून दंड करू शकतो, परवाना निलंबित वा रद्दही करू शकतो. तुमच्या छताचा खर्च मात्र वाटाघाटीने, विम्यातून किंवा न्यायालयामार्फतच वसूल करावा लागतो.

त्याआधी अहवाल पुन्हा काढून नीट पाहावा. टेक्ससमध्ये अहवालाचा नमुना आयोगानेच ठरवून दिला आहे. प्रत्येक घटकापुढे चार चौकटी असतात: तपासले, तपासले नाही, अस्तित्वात नाही आणि सदोष. ॲटिकच्या नोंदीत तो भाग कोठून पाहिला, हेही लिहावे लागते. इन्स्पेक्टर आत शिरला होता की शिडीवर उभा राहून झडपेतून डोकावला होता, हे त्या एका ओळीवरून कळते. झडपेतून पाहिल्याची नोंद असेल आणि कुजलेला कोपरा तेथून दिसणारच नसेल, तर आत शिरणे खरोखर अशक्य होते का, यावर वाद केंद्रित होईल. आत शिरल्याची नोंद असूनही उघड्या डोळ्यांना दिसणारी कूज लिहिली गेली नसेल, तर तुमची बाजू बरीच बळकट होते. तपासणी दृश्य स्वरूपाची असते. भिंत फोडणे, बांधकाम उकलणे, सामान हलवणे यांची सक्ती इन्स्पेक्टरवर नसते. म्हणून कूज जुनी होती आणि दिसण्याजोगी होती, हे दाखवणारी छायाचित्रे व दुसऱ्या जाणकाराचे लेखी मत दुरुस्तीपूर्वीच मिळवावे. दुरुस्ती आधी झाली तर पुरावाच हातचा जातो.

आता विमा. त्याचे दोन प्रकार असतात आणि ग्राहक त्यांत नेहमी गल्लत करतात. इन्स्पेक्टरच्या शिडीने खिडकी फुटली किंवा कोणाला इजा झाली, तर सर्वसाधारण दायित्व विमा उपयोगी पडतो. दोष नजरेतून सुटला, तर व्यावसायिक चुकांचा विमाच लागतो. फ्लोरिडात कायद्याने ३,००,००० डॉलरचा विमा सक्तीचा केला आहे, पण तो पहिल्या प्रकारचा. न्यू जर्सीत दुसऱ्या प्रकारचा, प्रत्येक घटनेमागे ५,००,००० डॉलरचा लागतो. टेक्ससमध्येही व्यावसायिक दायित्वाचा विमा सक्तीचा असून त्याची किमान मर्यादा प्रत्येक घटनेमागे १,००,००० डॉलर आहे, तेव्हा तुमच्या इन्स्पेक्टरकडे तो असलाच पाहिजे. दाव्याची लेखी सूचना त्याला पोहोचपावतीसह पाठवावी. करारात जबाबदारीवर मर्यादा घातली असेल, तर ती कितपत टिकते हे तेथील वकिलाकडून समजून घ्यावे.

प्रश्न: मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रेत्याच्या ब्रोकरने एका ठरावीक इन्स्पेक्टरचे नाव सुचवले आहे. त्यालाच काम द्यावे का?

उत्तर: देऊ नये. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार ब्रोकरला विशिष्ट इन्स्पेक्टरची थेट शिफारस करता येत नाही. तुम्ही मागितल्यास परवानाधारकांची संपूर्ण यादी तो देऊ शकतो. लेखी कराराने केवळ खरेदीदारासाठी काम करणारा ब्रोकर याला अपवाद आहे. ज्याचे कमिशन व्यवहार पार पडण्यावर अवलंबून आहे त्याने परीक्षक निवडू नये, हा त्यामागील विचार मला पूर्णपणे पटतो. तपासणी सोडून दिली तरच प्रस्ताव स्वीकारू, अशी अट विक्रेत्याला घालता येऊ नये असा नियमही तेथे १५ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. तेव्हा परवाना देणाऱ्या मंडळाच्या नोंदीत नाव व परवान्याची मुदत पाहून इन्स्पेक्टर स्वतः निवडावा.