मोटारीचा भाव आणि पुरुषांची फुशारकी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे टाचणीपासून फ्रीजपर्यंत सगळ्यावर छापील किंमत असते आणि कोणी ती कमी करून मागत नाही. मोटार घ्यायला गेलो तेव्हा मात्र भाव करण्यात अख्खी दुपार गेली, आणि गाडी माझ्या नावावर व्हायची असूनही विक्रेता आकडे सांगताना माझ्या यजमानांकडेच पाहत होता. पुण्यात वडिलांनी नंबर लावून स्कूटर घेतली तेव्हा भाव करण्याचा प्रश्नच नव्हता. मंडईतली घासाघीस तर आईच करायची. मग येथे मोटारीचा भाव करणे हे पुरुषांचे काम कसे ठरले? पुढच्या वेळी मी एकटीने जावे का?
– एक वाचक भगिनी, एडिसन

उत्तर : या प्रथेचे मूळ मोटारीत नसून तिच्या आधीच्या घोड्यांच्या व्यवहारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या दुकानांतही भाव बहुधा बोलूनच ठरे. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्ट्यूअर्ट आणि पुढे फिलाडेल्फियात जॉन वानामेकर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी एकच भाव ठेवण्याची पद्धत रूढ केली. त्यामागे सचोटीइतकाच हिशेबही होता, कारण मोठ्या दुकानातल्या पगारी नोकरांच्या हाती भाव ठरवण्याचा अधिकार सोपवणे मालकाला परवडणारे नव्हते. या दुकानांचे गिऱ्हाईक मुख्यतः स्त्रिया होत्या. त्यामुळे बायकांची खरेदी ठरावीक किमतीची झाली आणि घोड्याचा सौदा पुरुषांकडेच राहिला. त्या व्यवहारात म्हातारे जनावर तरुण दिसावे म्हणून त्याचे दात कानशीने घासत, मरगळलेल्याने शेपूट उचलून ऐटीत चालावे म्हणून शेपटीखाली आले घालत, आणि फसलेल्याची कीव करण्याऐवजी फसवणाऱ्याचे कौतुक करत. आपल्याकडच्या बैलबाजारात हेडे उपरण्याखाली बोटे धरून भाव करतात, तेथेही बाई अभावानेच दिसते; तेव्हा ही काही एकट्या अमेरिकेची मिरास नव्हे.

मोटार खरे तर या परंपरेतून सुटायला हवी होती. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला बाजारात आली. तिची किंमत जाहिरातीतच सांगितलेली असे, आणि एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांत दोन घोड्यांइतका फरक नसतो. घासाघीस शिरली ती जुन्या गाडीच्या वाटेने. १९२० च्या दशकात पहिल्यांदाच मोटार घेणाऱ्यांची संख्या रोडावू लागली, नवी घेणारा आपली जुनी गाडी देऊ करू लागला, आणि त्या जुनीची किंमत कोणत्याच कागदावर छापलेली नव्हती. जुनीचे थोडे जास्त पैसे कबूल करावेत आणि ते नवीच्या किमतीतून किंवा कर्जाच्या हप्त्यांतून अलगद वसूल करावेत, हा विक्रेत्यांचा खेळ तेव्हापासूनचा आहे. माझ्या मते पुरुषांच्या फुशारकीचा सर्वांत मोठा लाभ विक्रेत्यालाच झाला, कारण आपण बाजी मारली असे ज्याला वाटते तो घरी जाऊन हिशेब तपासत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर फुगवलेल्या किमतींच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा होऊन प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेल्या किमतीचा कागद चिकटवणे सक्तीचे झाले. पण सुचवलेली किंमतच घेण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते, त्यामुळे तो कागद सौद्याचा शेवट न ठरता त्याची सुरुवात ठरला. जनरल मोटर्सच्या सॅटर्न या शाखेने १९९० पासून एकाच भावाने गाड्या विकून पाहिल्या; गिऱ्हाईक खूश होते, तरी ती शाखा पुढे बंद पडली.

विक्रेत्याची नजर आपल्या यजमानांकडे का वळत होती, याचे एक कारण कर्जव्यवहारात आहे. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीला पतीच्या सहीशिवाय कर्ज मिळणे अवघड होते. गाडी चालवणारी कोणीही असो, व्यवहार त्याच्याशीच होई. कायदा बदलला तरी सवय गेली नाही. इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकांनी शिकागो परिसरातल्या विक्रेत्यांकडे एकाच तऱ्हेने भाव करायला शिकवलेली माणसे पाठवली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांकडून सुमारे ४० टक्के जास्त नफा मागितला गेला, कृष्णवर्णीय पुरुषांकडून दुप्पट आणि कृष्णवर्णीय स्त्रियांकडून तिप्पट. बोलणे सर्वांचे सारखेच होते, त्यामुळे बायकांना भाव करता येत नाही हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

तेव्हा आपण एकटीने अवश्य जावे, मात्र दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी दोन-तीन विक्रेत्यांकडून कर आणि सर्व शुल्कांसह एकूण रक्कम ईमेलने लेखी मागवावी. जुनी गाडी देणार असाल तर तिची किंमत वेगळी ठरवून घ्यावी, आणि कर्जाचा व्याजदर आपल्या बँकेकडून आधीच विचारून ठेवावा. “महिन्याला किती हप्ता परवडेल?” असे विक्रेत्याने विचारल्यास उत्तर देऊ नये, कारण मुदत वाढवून हप्ता हवा तेवढा लहान करता येतो, आणि एकूण रक्कम मात्र वाढत राहते.