पाच पुस्तकांचा रुबाब आणि दादाचं मौन

*ताई, मी मूळचा फोंड्याचा, सध्या नोकरीसाठी पुण्यात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही इंग्रजी मालिका मी आणि डिचोलीच्या माझ्या आतेभावाने मिळून पाहिली. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. 2019 साली शेवटचा सीझन आला तेव्हा दर सोमवारी सकाळी साडेसहाला मी त्याच्या घरी. एक भाग तर इतका काळोखा होता की दादाने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. शेवट मला मुळीच पटला नाही, त्याला पटला. तेव्हापासून दर चवथीला आमचा हाच वाद. यंदा गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना तो पुन्हा म्हणाला, ड्रॅगनवाली राणी डेनेरिस शेवटी अख्खं शहर जाळणार हे पहिल्यापासून दिसत होतं. मी म्हणालो, “मालिका ज्यावरून केली ती पाचही पुस्तकं मी वाचलीत, तू एक तरी वाचलंस का? उगाच बोलू नकोस. आपली आठ वर्षं वाया गेली, एवढंच खरं.” घरचे सगळे समोर होते. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला, आरतीलाही आला नाही. आत्या म्हणते, मिटव. पण माझंच बरोबर असताना माघार मी का घ्यायची? समीक्षकांचे लेख त्याला पाठवू का? की पहिलं पुस्तकच भेट देऊ? – नाराज प्रेक्षक*

नाराजा,

भावाभावांचं बोलणं बंद झाल्याची पत्रं मला नेहमी येतात. कारणं ठरलेली: वाटणी, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याचा) खटला, विहिरीचं पाणी, फार तर एखाद्या लग्नातला मानपान. ड्रॅगनमुळे बंद झालेलं बोलणं मात्र पहिल्यांदाच पाहते आहे. तरी तुझं पत्र मी हसण्यावारी नेलेलं नाही. मालिका मीही पूर्ण पाहिली आहे, त्यामुळे आधी तिच्याबद्दल बोलू. ते टाळून मी थेट उपदेशाला लागले तर तू पुढचं वाचणार नाहीस, हे मला कळतं.

शेवटचा सीझन फसला, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा फक्त सहा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. आवरतं घेण्याचा निर्णय बेनिऑफ आणि वाइस या कर्त्यांचा. आपल्याकडचा दशावतार आठव. लिहिलेली संहिता नसते. आख्यान सगळ्यांना ठाऊक, शेवट पुराणातच ठरलेला, आणि संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. चांगला नट एका प्रवेशात राजाचा अहंकार असा चढवत नेतो की पुढचा वध आपल्यालाच हवासा वाटू लागतो. पण मध्यरात्री रेंगाळलेलं नाटक पहाटेला आलं, दहीकाल्याची वेळ झाली, की मग घाई. राक्षस दोन वाक्यं बोलतो आणि आडवा होतो. आख्यान तेच, शेवट तोच, पण समोर बसलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. इथे नेमकं हेच झालं. पाचवं पुस्तक 2011 च्या जुलैमध्ये आलं, मालिका सुरू झाली त्याच वर्षी. पुढे मालिका पुस्तकांच्या पल्याड गेली. पुस्तकांचे लेखक मार्टिन यांनी कथेचे मुख्य टप्पे कर्त्यांना सांगून ठेवले होते, मधली वाट मात्र त्यांची त्यांनाच बांधायची होती. ती बांधायला वेळ लागतो, आणि तो त्यांनी दिला नाही.

म्हणून डेनेरिसच्या बाबतीत दादा चुकलेला नाही, आणि तूही नाहीस. जिंकलेल्या मीरीन शहरात तिने 163 सरदारांना खांबांवर ठोकलं, शरण न आलेल्या टार्ली बापलेकांना जिवंत जाळलं. हे सगळं आपण पाहिलं आणि तेव्हा टाळ्याही वाजवल्या. दादाच्या डोक्यात हे आहे. तुझ्या डोक्यात वेगळीच डेनेरिस आहे: एका लहान मुलीची जळलेली हाडं बापाने आणून समोर ठेवली, तेव्हा स्वतःच्या ड्रॅगनना साखळदंडात घालणारी. या दोन बायकांच्या मधे जी वाट हवी होती ती कुणी दाखवलीच नाही. आठव्या सीझनच्या चौथ्या भागात एक ड्रॅगन मरतो, तिच्या जिवलग मिसांडेईचं डोकं उडवलं जातं, पाचव्यात शरणागतीच्या घंटा वाजतात, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थोडा थांबतो आणि शहर पेटतं. दादाने ती वाट स्वतःच्या मनाने भरून घेतली, तुला ती कर्त्यांकडून हवी होती. प्रेक्षक दोन्ही तऱ्हांचे असतात.

(शेवटी स्टार्क घराण्यातल्या ब्रॅनला राजा करणं मात्र मला आजही पचलेलं नाही. सगळ्यात चांगली कहाणी त्याची म्हणे! त्याची बहीण आर्या काय भाजी निवडत बसली होती?)

आता त्या पाच पुस्तकांकडे येऊ, कारण माझ्या मते खरी चूक तिथे आहे. तुमचा वाद शेवटच्या सीझनचा. त्या सीझनमध्ये जे घडतं ते तू वाचलेल्या पाच पुस्तकांत नाही. राजधानी जळत नाही, सिंहासन वितळत नाही, ब्रॅनच्या डोक्यावर मुकुट येत नाही. सहावं पुस्तक तुझ्याही हाती नाही. मग ज्या प्रश्नावर तुझ्याकडे त्याच्यापेक्षा कणभर जास्त माहिती नव्हती, त्याच प्रश्नावर तू त्याला ‘तू वाचलेलं नाहीस’ म्हणून गप्प केलंस. वाचन ही चांगलीच गोष्ट आहे, पण इथे तू ती चारचौघांत त्याला खाली बसवायला वापरलीस. त्याने उलट विचारलं असतं, “बरं, मग शेवट कुठल्या पानावर आहे ते दाखव,” तर तुला तोंड लपवावं लागलं असतं. त्याने विचारलं नाही. का, ते पुढे सांगते.

समीक्षकांच्या लेखांचंही तेच. सीझन पुन्हा बनवा म्हणून पंधरा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, हे तू त्याला पाठवशील. मग त्याच सीझनला ‘एमी’ या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची 32 नामांकनं आणि 12 पारितोषिकं मिळाली, सर्वोत्तम नाट्यमालिकेचंही, हे तो तुला पाठवेल. सह्या आणि पारितोषिकं मोजून कुणाला शेवट आवडू लागत नाही किंवा आवडायचा थांबत नाही. लेख पाठवू नकोस. एकही नको.

तुझ्या पत्रात मालिकेबद्दल पुष्कळ आहे आणि गोधड्यांबद्दल एक ओळ. मी त्या ओळीपाशी थांबले. विंटरफेल गडाच्या लढाईचा तो 82 मिनिटांचा काळोखा भाग जगभर लोकांना नीट दिसला नव्हता. कुणी टीव्हीला दोष देत होतं, कुणी छायाचित्रकाराला. डिचोलीत एप्रिल संपता संपता, सकाळी साडेसहाला, उकाड्यात, एका माणसाने उठून घरातल्या गोधड्या काढल्या आणि खिडक्या बंद करून त्यावर टांगल्या. कशासाठी? धाकट्या भावाला मृतांच्या फौजेचा नाइट किंग कसा मरतो ते नीट दिसावं म्हणून. पुढे तू पुण्याला गेलास. तुला तिथे नवे मित्र मिळाले असतील, नव्या मालिका, त्यावर बोलायला नवी माणसं. दादा तिथेच आहे. वर्षातून एकदा, माटोळीला कवंडाळं आणि सुपाऱ्या बांधता बांधता, तो तोच विषय काढतो. मला नाही वाटत त्याला डेनेरिसची एवढी फिकीर आहे. तुझ्याशी बोलायला त्याच्यापाशी हमखास चालणारा असा तो एकच विषय उरलाय. आणि त्यावर तू सगळ्यांदेखत सांगितलंस, आपली आठ वर्षं वाया गेली. मालिकेची नव्हे, ‘आपली’. तुझ्याच पत्रात तसं लिहिलंयस.

पुस्तकांवरून टोमणा मारलास म्हणून माणूस आरती चुकवत नाही, रे. ‘वाया’ म्हणालास म्हणून चुकवतो.

तेव्हा माघार घेण्याचा प्रश्नच येत नाही. सीझन वाईट होता हे मत तुझ्यापाशी खुशाल राहू दे, मीही तुझ्याच बाजूची आहे. परत घ्यायचं ते फक्त एक वाक्य. दिवाळीला येशीलच. नरकासुराच्या पुतळ्यांच्या रात्री गावातली पोरं रस्त्यावर असतात, दादाही तिथेच कुठेतरी पोरांना बांबू धरून देत असेल. पण माफी तिथे मागू नकोस, गर्दीत तो थट्टेवारी नेईल. पहाटे पोह्यांना आत्याकडे जा, ती समोर असताना बोल. चवथीला बोललास ते घरच्यांसमोर, म्हणून आत्ताही कुणीतरी घरचं ऐकायला हवं. लांबण लावू नकोस. “दादा, शेवट मला आवडला नाही, पण ते सोमवार वाया गेले असं मी म्हणायला नको होतं,” इतकं पुरे. त्यात ‘पण तूही’ घातलंस तर न गेलेलं बरं. तो लगेच विरघळेल असं नाही. “बस, पोहे खा,” म्हणेल आणि विषय बदलेल. बदलू दे. ग्रुपमध्ये त्याला परत घ्यायची घाईही करू नकोस, ते काम आत्याचं.

पुढे कधी दोघांना एकत्र पुन्हा पाहावंसं वाटलं, तर आठव्या सीझनच्या वाटेला जाऊ नका. सहाव्याचे शेवटचे दोन भाग लावा, 2016 चे, मिगेल सापोचनिकने दिग्दर्शित केलेले. बॅस्टर्डांची लढाई, आणि मग ‘सेप्ट’ या देवळातला तो पियानो. त्यावर तुम्हा दोघांचं भांडण होईल असं मला वाटत नाही. झालंच तर मला कळव, मला उत्सुकता आहे.

आणि पहिलं पुस्तक भेट द्यायचं का, म्हणतोस. आत्ता मुळीच नको. या क्षणी ते भेट म्हणून नाही, गृहपाठ म्हणून त्याच्या हातात पडेल. त्याने आपणहून मागितलं तर तुझी स्वतःची प्रत दे, कोपरे दुमडलेली. आणि वाचून झाल्यावर तो काय म्हणतो ते ऐकायला फोन उचलत जा.

– ताई